कान्हू सांगेल तेव्हा

रोह्यात कान्हूचा आवाज न ओळखणारा माणूस सापडणार नाही, आणि कान्हूला ओळखणारा शोधूनही मिळणार नाही. माझ्या रिक्षाच्या मागच्या सीटवर तो मांडीवर माईकची मशीन घेऊन बसतो, टपावर दोन कर्णे बांधलेले असतात, आणि आम्ही गावभर फिरतो. शनिवारी पाणी येणार नाही. रविवारी डोळे तपासणी शिबिर आहे. अमक्या आळीतल्या आजी वारल्या, अंत्ययात्रा चार वाजता निघेल. टेनिस बॉल क्रिकेटचे सामने, पहिलं बक्षीस बोकड. हरिनाम सप्ताह, रक्तदान, कुणाची तरी तांबडी गाय तीन दिवस घरी आलेली नाही. गावात काय झालं आणि काय होणार आहे, ते कान्हू सांगतो.

एकदा बाजारात एका बाईंनी मला विचारलं, "तुमच्या रिक्षात बोलतात ते गृहस्थ पूर्वी रेडिओवर होते का हो?" गृहस्थ माझ्या शेजारी उभे राहून जवळा घेत होते. "हेच ते," म्हणून मी कान्हूला पुढे केलं. काळासावळा, किडकिडीत, पायात चप्पल नाही. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मी थट्टा करतोय असं समजून त्या चालू लागल्या. कान्हू हसला. मला राग आला. मला राग लवकर येतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर निघतो.

मी भरत, वरसे गावचा. आमच्या बापजाद्यांची भातशेती होती तिथे आता सोसायट्या आहेत आणि त्यांच्या नावात 'पार्क' नाहीतर 'व्हिला' आहे. त्या सोसायट्या संपल्या की नाला लागतो, आणि नाल्यापलीकडे, नदीला लागून, वीस-बावीस घरांची आदिवासीवाडी आहे. कान्हू तिथला. बाप मोतीराम नदीत मासे धरायचा आणि मिळेल त्या मजुरीला जायचा. आई येसू अजून आहे, आणि वाडीत तिचा शब्द चालतो. कान्हू चौथीपर्यंत शिकला, पण त्याच्या हातात चिठ्ठी दिली तर अक्षरं जुळवताना त्याला घाम फुटतो.

दहा वर्षांपूर्वी वरसेत कबड्डीचे सामने होते. मशीन माझी. उपांत्य सामन्यात समालोचकाचा घसा बसला, नुसता फस्‌फस्‌ आवाज निघायला लागला. मैदानाला पाणी मारायला आलेला कान्हू तिथेच उभा होता. मी वैतागून माईक त्याच्या हातात कोंबला आणि म्हणालो, "बोल रे काहीतरी." तो बोलला. "आठ नंबर गेलाय गेलाय, मागं सरक बाबा, मागं सरक, आरं धरला की मगरीनं!" लोक खेळ सोडून त्याच्याकडे बघायला लागले. त्या दिवसापासून तो माझ्या रिक्षात आहे.

त्याची एक रीत आहे. चिठ्ठी मी वाचतो, दोनदा. तो डोळे मिटून ऐकतो. मग ती चिठ्ठी संपली. पुढे जे बोलायचं ते त्याच्या मनाचं. बाजारपेठेत 'नागरिक बंधू-भगिनींनो', मोहल्ल्यात हिंदी, खाडीकडच्या गावांत शिरलो की तिथली बोली. आणि वाडीत तो घरच्यासारखा बोलतो. कर्ण्यातून एकेकाचं नाव घेतो, म्हाताऱ्यांना दटावतो, पोरांना हसवतो. इतर ठिकाणी लोक कान्हूचं ऐकतात. वाडीत त्याचं मानतात.

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. नदीपलीकडे कंपन्या आहेत. त्यातल्या एकीचा भोंगा एका दुपारी अचानक वाजला. कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. चालतो की नाही एवढंच बघत होते, असं नंतर कळलं. वाडी मात्र उठली आणि डोंगराच्या दिशेने पळत सुटली. मोतीराम सत्तरीचा. बांधावरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. तीन महिने अंथरुणात काढले आणि गेला. वरसेत लोक महिनाभर हसत होते, वाडीवाले भोंग्याला भ्याले म्हणून. मोतीराम पडलाय हे कळेपर्यंत हसणाऱ्यांत मीही होतो.

बापाच्या दिवसकार्याला कान्हूने सगळ्या वाडीला सांगितलं, "आता भोंगा वाजला म्हनून कोनी पळायचं नाय. पळायचं आसल तवा मी सवता सांगन. मी सांगत नाय तवर हलायचं नाय."

मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

गेल्या डिसेंबरात निकेशने आम्हाला एक काम दिलं. निकेशचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, आमची निम्मी कामं त्याच्याकडूनच येतात. चिठ्ठीत होतं: 'गुरुवारी सकाळी अकरा वाजता कंपनीत आपत्कालीन रंगीत तालीम घेण्यात येणार आहे. सायरन वाजेल. नागरिकांनी घाबरून जाऊ नये.' मंगळवारी आम्ही रोहा आणि वरसे केलं, आणि शेवटी वाडीत गेलो. उंबराखाली रिक्षा लावली. कान्हूने माईक तोंडाशी धरला.

"गुरवारी भोंगा वाजल. लई वाजल. ते नाटक हाय, खरं नाय. म्हातारी मानसं, बायका, पोरं, जिथं हाव तिथं बसून रावा. कोनी उठायचं नाय. दोन वर्सांमागं काय झालं ते इसरू नका. मी कान्हू सांगतोय."

येसूआजी दारात बसली होती. तिने हात वर करून 'कळलं' अशी खूण केली. मला बरं वाटलं. कंपनीने या खेपेला आधी कळवलं, आणि आम्ही ते नीट पोचवलं. काम चोख झालं होतं.

गुरुवारी सकाळी सातलाच आम्ही पेणला निघालो. वडखळजवळच्या एका मंडळाचे कबड्डीचे सामने होते आणि त्यांना दिवसभर पेण शहरात आणि आसपास फिरवून हवं होतं. साडेनऊला आम्ही गणपतींच्या कारखान्यांपुढून चाललो होतो. पांढऱ्याशुभ्र, रंग न दिलेल्या मूर्ती ओसरीवर वाळत होत्या आणि कान्हू कर्ण्यातून 'पन्नास संघ, प्रकाशझोतात सामने' असं रंगवून सांगत होता. माझा फोन वाजला. निकेश होता.

"आजची तालीम पुढं गेली. कोण साहेब येणार होते, त्यांना जमत नाय. सोमवारी होईल. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलंय मी. तुम्ही संध्याकाळी आलात की एक राउंड मारा."

मी कान्हूला सांगितलं. त्याने माईक बंद केला.

"दादा, वाडीत सांगाया पायजे."

"काय सांगायचं?" मी म्हणालो. "भोंगा वाजणार नाय. नाय वाजला तर नाय वाजला. कुणाचं काय बिघडतंय?"

"मी बसून रावा म्हनलोय."

"मग बसतील! एरवी काय उभे असतात?"

तो हसला नाही. त्याने वाडीतल्या एका पोराला फोन लावला. तो वीटभट्टीवर गेला होता. दुसऱ्याचा बंद. कान्हूचा स्वतःचा फोन त्याच्याच खिशात आणि बायको सकाळीच कामाला गेलेली. "परत जाऊन येऊ का?" त्याने चाचरत विचारलं. माझं डोकं फिरलं. पेण ते रोहा जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, आणि इथलं काम अर्धं टाकून. तेही कशासाठी, तर न होणारी गोष्ट होणार नाही हे सांगायला. "उचलली जीभ लावली टाळ्याला," असं काहीतरी मी त्याला बोललो. त्याने माईक चालू केला आणि पुन्हा पन्नास संघांचं सांगायला लागला, पण आवाजात रंग नव्हता.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी दर्शनाचा फोन आला. दर्शना माझी बायको, नम्रता आमची लहान मुलगी.

"अहो, भोंगा वाजतोय."

"कुठला?"

"कंपनीचा. तालीम तर आज नाय ना? ग्रुपवर सकाळीच आलंय. म्हणजे हे खरं हाय. सगळ्या सोसायट्या निघाल्या. वास पण येतोय, ब्लिचिंग पावडरसारखा. नम्रताला घेऊन मी शेजाऱ्यांच्या गाडीत बसलेय, आम्ही कोलाडच्या बाजूला चाललोय."

"जा. जा तू. थांबू नकोस," मी म्हणालो. फोन ठेवला आणि मग मला कळलं. सगळ्या वरसेला ठाऊक होतं की आज तालीम नाही, म्हणून भोंगा वाजल्याबरोबर सगळं वरसे उठलं. वाडीला ते ठाऊक नव्हतं. वाडीला एवढंच ठाऊक होतं की गुरुवारी भोंगा वाजेल, लई वाजेल, आणि तो खरा नसेल. सकाळी मी विचारलं होतं, काय सांगायचं? हेच सांगायचं होतं, की आज वाजला तर पळा.

मी मागे वळलो. "भोंगा वाजतोय, खरा," मी कान्हूला सांगितलं. त्याचा चेहरा मी दहा वर्षं आरशात बघत आलोय, पण तसा कधी पाहिला नव्हता. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता.

"बसलीत," तो शेवटी म्हणाला. "ती बसलीत दादा."

रिक्षा कशी वळवली मला आठवत नाही. एका भाजीवाल्याची टोपली उडाली, तो शिव्या देत मागे धावला. पेण सुटेपर्यंत कान्हू कुणाकुणाला फोन लावत होता. एकशे बाराला लावला; तिथल्या बाईने नीट ऐकून घेतलं, माहिती मिळालेली आहे, गाड्या निघाल्यात म्हणाली. वाडी कुठे ते विचारलं. कान्हू सांगायला लागला, "वरसेच्या पुढं नाला, नाल्यापल्याड उंबर..." आणि त्याला पुढचं सांगताच येईना. हजार घोषणांमध्ये दुसऱ्यांचे पत्ते धडाधड सांगणारा माणूस स्वतःचा पत्ता सांगताना अडखळत होता. मी ओरडून सांगितला. निकेशचा फोन सारखा बिझी लागत होता.

मग तो माणसं मोजायला लागला. त्या वेळी घरी कोण कोण असेल, ते. "आई. माझी पूजा. पुतळी आनि तिचं चार महिन्यांचं पोर. हैबतीबाबा, त्याला दिसत नाय. शेजारची सहा पोरं." बोटं मुडपत होता, चुकत होता, पुन्हा पहिल्यापासून धरत होता. "आई. माझी पूजा." पूजा त्याची मुलगी, सहा वर्षांची. अकरा माणसं होत होती. मला वाटत होतं, याच्या तोंडावर हात ठेवावा.

आणि मग त्याने ते विचारलं.

"दादा, वयनी वरसेतच हायेत ना? त्यांना सांगा ना. वाडी दहा मिन्टावर हाय. कोनाला तरी पाठवा म्हनावं. नायतर नाल्याच्या अल्याडनं नुसती हाक मारा म्हनावं. तेवढी बास."

दर्शनाला मी ओळखतो. तिला सांगितलं असतं, तर तिने कुणाला पाठवलं नसतं. ती स्वतः गेली असती. नम्रताला शेजारणीच्या मांडीवर देऊन, गाडी थांबवून, तोंडाला ओढणी बांधून त्या वासात परत गेली असती. कोरोनात आळीतले सगळे दारं लावून बसले होते तेव्हा ती दोन घरांना जेवण पोचवत होती. तिला हाक मारायची खोटी.

मी रिक्षा बाजूला घेतली, फोन काढला आणि कानाला लावला. नंबर दाबला नाही. थोडा वेळ तसाच धरला. काही ऐकू येत नसतं तेव्हा माणूस जसं तोंड करतो तसं तोंड केलं.

"लागत नाय," मी म्हणालो.

"परत लावा ना."

मी परत कानाला लावला. परत तेच केलं. "नाय लागत रे. सगळ्यांनी एकदम फोन लावलेत, नेटवर्क जाम असणार."

कान्हूने मान डोलावली. त्याने माझ्यावर जराही संशय घेतला नाही. पुढे मी रिक्षा पळवली ती अशी पळवली, की दोनदा मरता मरता वाचलो. आतून पळवणारं जे होतं, ते नुसतं वाडीसाठी नव्हतं.

वडखळला ट्रेलर अडकले होते. नेहमीचंच. रांग दिसत होती आणि रांगेचं दुसरं टोक दिसत नव्हतं. मी हॉर्न दाबून धरला, पण तिथे सगळेच हॉर्न दाबून बसलेले असतात. मागून अचानक कर्ण्यातून आवाज फुटला आणि मीच दचकलो.

"आये! उठ! पोरांना घे आनि उठ! खरं हाय, आये, ते खरं हाय!"

रोहा तिथून पंचवीस-तीस किलोमीटर. कान्हू डोळे मिटून, वाडीत उभा असल्यासारखा, आईला हाका मारत होता. चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघायला लागली. एकजण हसलाही. मी मागे हात घालून त्याच्या दंडाला धरून हलवलं. "कान्हू! डोळे उघड! यांना सांग, वाट मागून घे!"

त्याने डोळे उघडले. एक श्वास घेतला आणि मग त्याचा नेहमीचा आवाज आला, सगळ्या तालुक्याला ओळखीचा. "रोह्यात गॅस सुटलाय. माझी आई आनि मुलगी तिथं हाय. गाड्या बाजूला घ्या. हात जोडतो, वाट द्या." ट्रेलरवाले खाली उतरले. कुणी हाताने गाड्या मागे घ्यायला लावल्या, कुणी दुभाजकाजवळचा दगड सरकवला. आम्ही गटाराच्या कडेकडेने, एक चाक हवेत ठेवून, बाहेर पडलो.

नागोठणे सोडलं तेव्हा निकेशचा फोन लागला. वाडीचं सांगितल्यावर तो म्हणाला, पुलावर पोलिसांनी रस्ता अडवलाय, कुणाला आत सोडत नाहीत, तरी तो बघतो. "भोंगा थांबला का?" मी विचारलं. "चाळीस मिनिटं वाजत होता," निकेश म्हणाला. "आता थांबलाय." चाळीस मिनिटं. मी ते कान्हूला सांगितलं नाही.

रोह्याच्या अलीकडे आम्हाला पोलिसांनी अडवलं तेव्हा साडेबारा झाले होते. गळती थांबलीय, पण तासभर कुणाला सोडायचं नाही, असं तो शिपाई सांगत होता. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कान्हू रिक्षातून उतरून शेतात शिरला होता. शिपाई ओरडला. मीही उतरलो आणि त्याच्या मागे पळालो. भात कापून झालेलं, पायाला धसकटं लागत होती. वास होता, विरळ, पण होता. नाकातून घशात उतरत होता. मला परत फिरावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू, दोनदा वाटलं.

नाला ओलांडला आणि कान्हू थांबला. वाडीत आवाज नव्हता. कोंबड्यांचाही नाही. मी त्याच्या मागे उभा होतो आणि मला पुढे बघायचं नव्हतं.

ती बसली होती.

येसूआजी दारात, पाठ भिंतीला टेकून. तिच्या दोन्ही बाजूंना पोरं, प्रत्येकाच्या नाकातोंडावर भिजवलेल्या फडक्याचा तुकडा बांधलेला. हैबतीबाबा खाटेवर. पुतळी उंबऱ्यावर, पोर पोटाशी घेऊन. सगळ्यांचे डोळे लाल, सुजलेले, गालांवर पाणी. पोरं फडक्याआड दबून खोकत होती. पण एकूण एक जागच्या जागी होती. पूजाने बापाला पाहिलं आणि तीसुद्धा उठली नाही. आजीकडे बघितलं, उठू का म्हणून.

येसूआजीने कान्हूला पाहिलं आणि ती हसली. एवढ्या वर्षांत मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती.

"आलास? लई वेळ वाजला रं भोंगा," ती बसक्या आवाजात म्हणाली. "नाटक बी कसलं केलं, डोळं फुटायची पाळी आली. पन येक पोर हलू दिलं नाय मी. ही पुतळी पळाया लागली हुती, तिला धरून बसवली. म्हनलं, कान्हूनं सांगितलंय."

कान्हू तिथेच मातीत बसला आणि आईच्या पायांना धरून रडायला लागला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि तिला कळेना की हा का रडतोय. सगळं तर त्याने सांगितल्याप्रमाणे झालं होतं.

पुतळीच्या पोराचा श्वास घरघरत होता. ते मी पाहिलं, पोर आणि पुतळी दोघांना घेऊन नाला ओलांडला आणि पोलिसांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. रात्रभर त्याला ऑक्सिजनवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते अंगावर प्यायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. बाकीच्यांना डोळ्यांत घालायचं औषध दिलं. दवाखान्यात सगळे एकच बोलत होते: वारा त्या दिवशी दुसऱ्या बाजूला होता. वाऱ्याने तोंड फिरवलं असतं तर. यापुढचं वाक्य कुणी पुरं करत नव्हतं.

दर्शना संध्याकाळी घरी आली. वाडीचं ऐकून ती माझ्यावर चिडली. "मला फोन का नाय केलात? मी गेले असते की!" मी म्हणालो, लागत नव्हता. तिने मोबाईल बघितला, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही.

तालीम सोमवारीच ठेवली होती. कंपनीला आता ती फारच जरुरीची वाटत होती. रविवारी निकेशने नवी चिठ्ठी दिली. मी ती कान्हूला वाचून दाखवायला लागलो तर तो म्हणाला, "गावात तुमी दुसऱ्याचा आवाज भरून पेनड्राइव्ह लावा. मी वाडीत जातो." कर्णा नाही, माईक नाही, चालतच निघाला. मीही त्याच्याबरोबर गेलो.

उंबराखाली सगळी वाडी जमली. कामावरचे पुरुष आणि बायकाही आल्या होत्या. कान्हू उभा राहिला.

"उद्या भोंगा वाजल," तो म्हणाला. "पळा. कवा बी वाजला, पळा. म्हाताऱ्यांना उचला आनि पळा. मी बसा म्हनलो तरी पळा. माझं ऐकू नका."

येसूआजीचे डोळे अजून लाल होते. ती पदराने ते पुसत म्हणाली, "तुजं ऐकायचं नाय?"

"नाय, आये."

"मंग कुनाचं ऐकायचं?" ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. "कंपनीवाला कवा आमच्या दारात आला नाय. मोबाइलमदी येतं ते आमाला वाचता येत नाय. येक तू व्हतास, तर तू म्हनतोस ऐकू नका."

म्हातारी कान्हूकडे बघत राहिली, मग तिची नजर माझ्याकडे वळली आणि तिचा चेहरा निवळला.

"भरत सांगल," ती सगळ्यांना म्हणाली. "आपला न्हाय तो, पन जिवावर उदार हून आला. पोलिसांनी आडवला तरी आला. पुतळीचं पोर त्यानंच वाचवलं. काय बी झालं तर त्यो आमाला कळवल."

"व्हय," कान्हू म्हणाला. त्याला एवढं सुटल्यासारखं वाटलं की त्याने माझा हातच धरला. "दादा हायेत. दादा कळवतील."

सगळी वाडी माझ्याकडे बघत होती, पुतळीसुद्धा. पुन्हा भोंगा वाजला आणि एका बाजूला दर्शना असली, तर मी पुन्हा फोन नुसता कानाला लावीन, हे मला तिथे उभ्या उभ्या लख्ख कळत होतं. मी म्हणालो, "कळवीन." आणि त्यांनी ते मानलं.